युद्धाची रंगीत तालीम
(सैनिकी शिक्षणातील अनुकरण-पद्धतीचा अल्प परिचय)

मराठी भाषेत 'तालीम' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मल्ल जेथे अंग कमावतो ती जागा तालीम, आणि नाटकाच्या पहिल्या प्रयोगापूर्वी नटमंडळी जे वारंवार करून पाहतात तीही तालीम. आखाडा आणि रंगभूमी या दोन्ही ठिकाणांस आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला, यात काही अर्थ असला पाहिजे. खऱ्या प्रसंगापूर्वी, पडलो तरी जीव जाणार नाही अशा जागी, पडून घेणे म्हणजे तालीम. सैन्यातील शिक्षणाचे सारे रहस्य या एका वाक्यात आले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या न्यासाच्या कुटुंबांतून सैन्यात, नौदलात व वायुदलात गेलेले तरुण थोडे नाहीत. आपले इंदूर शहर महूच्या छावणीपासून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर वसलेले असल्यामुळे लष्करी वाहने व गणवेश आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. परंतु त्या छावणीच्या भिंतींआड शिकविले काय जाते आणि ते कोणत्या तत्त्वावर, याविषयी आपणांस सहसा माहिती नसते. 'कवायत' आणि 'चांदमारी' हे दोन शब्द उच्चारले की आपले ज्ञान संपते. म्हणून या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने, युद्ध न करता युद्ध शिकण्याची विद्या कशी वाढली, तिने काय साधले आणि ती कोठे फसली, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१. मेजावरचे युद्ध

युद्धाची नक्कल करण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडून खेळला जाणारा चतुरंग हा आपलाच. मल्लखांबाचेही तसेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे जीवन दिले, त्या विद्येतील खांब हा वस्तुतः न बोलणारा व न थकणारा प्रतिमल्लच होय. मात्र बुद्धिबळाच्या पटात एक मोठी उणीव आहे. तेथे दोन्ही पक्षांस सर्व काही दिसते. शत्रूचा उंट कोठे आहे हे शोधण्यास हेर धाडावा लागत नाही, आणि घोड्याने प्यादे मारले की ते निश्चित मरते. खऱ्या रणांगणावर यांपैकी काहीच खरे नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम प्रशिया देशातील एका पितापुत्रांनी केले. पिता रायस्विट्झ हे मुलकी अधिकारी होते. त्यांनी १८१२ साली प्रशियाच्या राजास एक मेज अर्पण केले. टेकड्या, नद्या, गावे दाखविणारे तुकडे त्यावर हवे तसे जुळविता येत. त्यांचा पुत्र तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ साली या खेळास शास्त्राचे रूप दिले. मेजाच्या जागी खराखुरा लष्करी नकाशा आला. लाल व निळ्या ठोकळ्यांनी दोन सैन्ये दाखविली जाऊ लागली. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ असे ठरले, आणि तेवढ्या वेळात पायदळ, घोडदळ वा तोफा किती अंतर जाऊ शकतील याची कोष्टके तयार झाली.

परंतु त्या तरुणाची खरी देणगी निराळी. त्याने खेळात तीन गोष्टी आणल्या. पहिली, मध्यस्थ पंच. दोन्ही सेनापती आपापले हुकूम पंचाकडे लेखी देत, आणि ज्या तुकड्या परस्परांच्या दृष्टीस पडतील तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. म्हणजे शत्रू दिसत नाही ही रणांगणाची पहिली अडचण खेळात आली. दुसरी गोष्ट फासे. गोळीबाराचा परिणाम फाशांनी व कोष्टकांनी ठरे, म्हणजे दैवाचा भाग आला. तिसरी, डावानंतरची चर्चा. कोण जिंकला यापेक्षा कोणता हुकूम का चुकला, यावर अधिक वेळ जाई.

प्रशियाच्या सेनेचे तत्कालीन प्रमुख म्युफ्लिंग प्रथम या खेळाकडे साशंकतेने पाहत होते. पण डाव जसजसा पुढे गेला तसतसा त्यांचा संशय विरला आणि त्यांनी तो साऱ्या पलटणींत चालू करण्याची शिफारस केली. पुढे मोल्ट्के यांनी त्याचा मोठा पुरस्कार केला. १८६६ मध्ये ऑस्ट्रियावर आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सवर प्रशियाने विजय मिळविल्यावर इतर राष्ट्रांनीही हा खेळ उचलला. विजयाचे श्रेय एकट्या खेळास देणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु विचार करण्याची सवय लागलेले अधिकारी त्यातून निपजले, हे मान्य करावेच लागते.

२. भात्यावर उडणारे विमान

सेनापतीच्या विचारशक्तीची तालीम नकाशावर होऊ शकते. पण विमान चालविणाऱ्याच्या हातापायांची तालीम कोठे करावी? हा प्रश्न अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणास पडला. याचा जन्म १९०४ सालचा. वडिलांचा बिंगहॅम्टन गावी ऑर्गन व यांत्रिक पियानो बनविण्याचा कारखाना होता. आपल्या संगीत नाटकांची ज्यांस आठवण आहे, त्यांस पायपेटीचा भाता कसा चालतो हे सांगावयास नको. लिंकने तेच भाते घेतले आणि त्यांवर एक लहानशी लाकडी पेटी विमानासारखी बसविली. दांडी पुढे ढकलली की एका भात्यातील हवा कमी होई व विमानाचे नाक झुके, बाजूस केली की पंख कले. १९२९ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध झाले. पण वैमानिक-शाळांनी त्याची दखल घेतली नाही. प्रारंभी ते विकले गेले ते प्रामुख्याने जत्रेसारख्या करमणुकीच्या उद्यानांस!

१९३४ साली परिस्थिती पालटली. अमेरिकेच्या सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याच्या वायुदलाकडे सोपविले. हिवाळ्याचे दिवस, रात्रीची उड्डाणे आणि ढग. काही आठवड्यांतच सुमारे डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. ते भित्रे नव्हते की अनाडी नव्हते. स्वच्छ आकाशात विमान चालविण्यास शिकलेल्या माणसांस ढगात केवळ घड्याळांकडे पाहून विमान चालविता येत नव्हते, इतकेच.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मनुष्याच्या कानाच्या आतील भागात द्रव भरलेल्या सूक्ष्म नलिका असतात. त्यांच्यायोगे आपणांस तोल कळतो. परंतु विमान हळूहळू व सतत एका बाजूस वळत राहिले, तर काही वेळाने तो द्रव स्थिर होतो आणि 'आपण सरळ जात आहोत' असा निर्वाळा कान देतात. डोळ्यांस क्षितिज दिसत असेल तर ही फसवणूक लगेच ध्यानी येते. ढगात क्षितिज नसते. अशा वेळी घड्याळ सांगते ते खरे व आपले अंग सांगते ते खोटे, असे मानावे लागते. हे पुस्तक वाचून साधत नाही, सवयीनेच साधते. लिंकच्या पेटीवर झाकण घातले की आतील विद्यार्थ्यास बाहेरचे काही दिसत नसे. बाहेर बसलेला शिक्षक त्याच्या मार्गाची रेघ नकाशावर उमटताना पाही आणि शेवटी ती त्याच्यापुढे ठेवी. विद्यार्थी शंभर वेळा 'कोसळला' तरी पुन्हा शिडी लावून बसण्यास मोकळा.

सैन्याने त्या वर्षी सहा यंत्रे घेतली. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ही संख्या दहा हजारांच्या घरात गेली आणि पाच लाखांच्या आसपास वैमानिकांनी त्यांवर शिक्षण घेतले. हे यंत्र आरंभी करमणुकीचे खेळणे ठरले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

३. फरशीवरचा महासागर

आता एक उदाहरण असे पाहू, की ज्यात कोणतेही किमती यंत्र नव्हते. १९४२ च्या आरंभी इंग्लंडला अन्न व युद्धसामग्री पोचविणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांवर जर्मन पाणबुड्यांनी हलकल्लोळ माजविला होता. त्या वर्षीच्या जानेवारीत लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्याकडे एक काम सोपविण्यात आले. क्षयरोगामुळे त्यांस पूर्वीच नौदलातून निवृत्त व्हावे लागले होते. त्यांना मिळाल्या काही खोल्या आणि नौदलाच्या महिला शाखेतील काही तरुणी. त्यांपैकी कित्येकींचे वय वीसच्या आतबाहेर होते, आणि समुद्रावर युद्ध त्यांनी पाहिलेले नव्हते.

त्यांनी खोलीची फरशी चौकटी आखून समुद्र बनविली. लाकडाची लहान जहाजे ठेवली. जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूने व पाणबुडीचा हिरव्या खडूने दाखविला जाई. शिकावयास आलेले अधिकारी कनाती लावून आडोशाला बसत आणि लहानशा झरोक्यातून पाहत. तेथून हिरवी रेघ त्यांस दिसत नसे, खऱ्या समुद्रावर पाणबुडी दिसत नाही तशीच. प्रत्येक डावास दोन मिनिटे मिळत.

प्रत्यक्ष झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी घेऊन त्यांनी ते फरशीवर पुन्हा घडविले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. पाणबुडी बाहेरून, दूर अंतरावरून पाणतीर सोडते अशी सर्वांची समजूत होती. पण जहाजे ज्या क्रमाने व ज्या जागी बुडाली तो हिशेब त्या समजुतीशी जुळेना. जुळला तो एकाच गृहीतावर. ते असे, की पाणबुडी रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून, ताफ्याच्या मागील बाजूने, थेट ताफ्याच्या आत शिरते, तेथून हल्ला करते आणि मग बुडी मारून ताफा पुढे जाऊ देते. मागील बाजूस फारसे कोणी पाहत नव्हते! हे कळताच संरक्षक जहाजांनी कसे वळावे व कोठे शोध घ्यावा याचा डावपेच आखण्यात आला, आणि तो सर्व जहाजांस शिकविला गेला.

वरिष्ठ अधिकारी या 'खेळा'ची प्रथम थट्टाच करीत होते. पुढे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे त्या विभागाचे प्रमुख झाले. पाणबुडीयुद्धात स्वतः नाव मिळविलेले हे गृहस्थ पाणबुडीची बाजू घेऊन फरशीवर खेळावयास उतरले. समोर होती त्या तरुणींपैकी एक, जॅनेट ओकेल. ॲडमिरलसाहेब एकदा नव्हे, वारंवार हरले. प्रथम त्यांस राग आला असे सांगतात. पण ते त्या केंद्राचे पाठीराखे राहिले, यातच त्यांचे मोठेपण. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या फरशीवर शिकून गेले. १९४३ च्या मे महिन्यात अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धाचे पारडे फिरले. त्यास विमाने, रडार व गुप्तलिपीचा भेद अशी अनेक कारणे होती. त्या कारणांत ही खडूची रेघही मोजावी लागेल.

४. न ऐकलेल्या दोन तालमी

येथवर वाचून कोणासही वाटेल की तालीम केली म्हणजे यश ठरलेलेच. दुर्दैवाने तसे नाही. तालीम आपणांस सत्य सांगते, पण ते ऐकण्याची सक्ती ती करू शकत नाही.

१९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवे बेटावरील नियोजित स्वारीचा डाव मेजावर खेळून पाहिला. डावात अमेरिकन विमानांनी जपानच्या विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. पंचाने फासे टाकून नऊ मारे लागल्याचा व दोन मोठी जहाजे बुडाल्याचा निर्णय दिला. अध्यक्षस्थानी असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी तो मानला नाही. त्यांनी माऱ्यांची संख्या नवावरून तीनवर आणली, एक जहाज वाचविले, आणि दुसरे बुडालेले जहाजही पुढच्या डावासाठी पुन्हा तरंगते केले. त्यानंतर महिनाभरात, ४ व ५ जूनला, जपानची चार विमानवाहू जहाजे मिडवेजवळ खरोखरीच बुडाली. तेथे पंचाचा निर्णय फिरविणारा कोणी नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे, आणि म्हणून अधिक जिव्हारी लागणारे आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूर भागातील वडगावचे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर पराक्रमाबद्दल त्यांस मोठा सन्मान मिळाला होता. १९५७ ते १९६१ या काळात ते आपल्या सेनेच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. ईशान्य सीमेवर, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, चीनने आक्रमण केल्यास काय होईल, हे तपासण्यासाठी १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे त्यांनी एक युद्धाभ्यास घेतला. त्याचे नाव 'लाल किल्ला'. शत्रू कोणत्या वाटांनी, किती बळाने येऊ शकेल आणि आपल्या चौक्या किती टिकाव धरतील, याचा हिशेब त्यात मांडला होता. निष्कर्ष कडू होता. हाती असलेल्या फौजेनिशी सीमेवर लढणे शक्य नव्हते. अगदी पुढच्या डोंगराळ चौक्यांपर्यंत रस्ते नाहीत, तेथे रसद पोचणार नाही. म्हणून सीमेवर पहाऱ्यापुरत्या तुकड्या ठेवून मुख्य संरक्षण मागे, जेथे आपल्याला सामग्री नेता येईल व शत्रूला लांबवरून आणावी लागेल, अशा ठिकाणी उभारावे, आणि त्यासाठी अधिक सैन्य व रस्ते द्यावेत, अशी ती मांडणी होती.

तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी या मांडणीस महत्त्व दिले नाही. जनरल थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. पुढे धोरण नेमके उलट दिशेने गेले, चौक्या अधिकाधिक पुढे नेण्यात आल्या. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले आणि महिन्याच्या आत बोमडिला पडले. जवान शौर्यात कमी नव्हते. उन्हाळी कपड्यांत, मोजक्या गोळ्यांनिशी ते बर्फात लढले. जे युद्ध कागदावर आधीच हरून पाहिले होते, तेच पुन्हा रक्ताने हरावे लागले. लाल किल्ल्याचे ऐकले असते तर विजय मिळालाच असता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु इतके निश्चित, की इशारा मिळाला नव्हता असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

५. लेसर आणि संगणक

महायुद्धानंतर या विद्येत यंत्रांनी मोठी भर घातली. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन नौदलाच्या लक्षात आले की आपले वैमानिक हवाई द्वंद्वात पूर्वीइतके सरस राहिलेले नाहीत. आपले एक विमान पडे तेव्हा शत्रूची दोन-तीनच पडत. १९६९ मध्ये मिरामार येथे त्यांनी एक शाळा काढली. तेथे निराळ्या बनावटीची विमाने शत्रूच्या पद्धतीने उडविणारे शिक्षक विद्यार्थ्यांशी झुंजत. १९७२ मध्ये लढाई पुन्हा पेटली, तेव्हा तेच प्रमाण एकास बारा-तेरापर्यंत गेले. अमेरिकन वायुदलाने १९७५ पासून नेवाडा प्रांतात 'रेड फ्लॅग' नावाचे अभ्यास चालू केले. त्यामागचा विचार साधा होता. वैमानिकाच्या पहिल्या दहा उड्डाणांत मृत्यूचा धोका सर्वांत अधिक असतो, तर ती पहिली दहा उड्डाणे लुटुपुटूच्या युद्धातच का करून घेऊ नयेत? २००८ साली आपल्या वायुदलाच्या सुखोई विमानांनीही या अभ्यासात भाग घेतला.

जमिनीवरील सैन्यासाठी लेसरचा उपयोग झाला. बंदुकीला लेसर बसवावयाचा व जवानाच्या अंगावर तो ओळखणारी उपकरणे. किरण लागला की आवाज होतो आणि जवान 'मेला' असे ठरते. पूर्वी सरावात 'मी तुला आधी मारले', 'नाही, मी' असे वाद होत, ते मिटले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील फोर्ट अर्विन येथे १९८० नंतरच्या दशकात अशा अभ्यासांसाठी कायमची 'शत्रुसेना' ठेवण्यात आली. भूप्रदेश तिच्या पायाखालचा असल्यामुळे पाहुण्या पलटणी बहुधा हरत. हरल्यानंतर सर्वांनी एकत्र बसावयाचे, काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, का झाले, पुढे काय करावे, या चार प्रश्नांची उत्तरे शोधावयाची. त्या बैठकीत हाताखालच्या माणसासही अधिकाऱ्याची चूक दाखविण्याची मुभा असे. आमच्या मते साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा ही बैठक अधिक मोलाची आहे.

१९८३ पासून अमेरिकेत रणगाड्यांची अनुकरण-यंत्रे तारांनी परस्परांशी जोडण्याचा प्रयोग झाला. त्यामुळे शेकडो मैल दूर बसलेल्या तुकड्या एकाच काल्पनिक रणांगणावर लढू लागल्या. आज मुले घरी संगणकावर दूरच्या सोबत्यांशी खेळतात, त्याच्या पूर्वजांत या प्रयोगाची गणना होते.

आपल्याकडेही ही विद्या चांगली रुजली आहे. महू येथे पायदळाचे विद्यालय, लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांस युद्धशास्त्र शिकविणारे आर्मी वॉर कॉलेज आहे. बेळगावास पायदळ विद्यालयाची कमांडो-शिक्षण देणारी शाखा व मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. सिकंदराबाद येथे सेनेचा अनुकरण-यंत्रे घडविणारा विभाग आहे. ग्वाल्हेरास वायुदलाची हवाई डावपेच शिकविणारी संस्था आहे, आणि २००४ मध्ये तेथेच अमेरिकन वायुदलाबरोबर झालेल्या संयुक्त अभ्यासात आपल्या वैमानिकांनी पाहुण्यांस चकित केले होते. म्हणजे आपल्या मराठी वसाहती जेथे जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथे तेथे ही विद्यापीठेही शेजारी आहेत.

परंतु येथेही विलंबाची एक कहाणी आहे. नवशिक्या वैमानिकास साध्या शिकाऊ विमानावरून एकदम मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानावर बसविणे धोक्याचे आहे, मध्ये एक पायरी हवी, अशी शिफारस १९८२ मध्ये नेमलेल्या समितीने केली होती. त्या पायरीचे 'हॉक' विमान बीदरच्या तळावर रुजू झाले ते २००८ च्या फेब्रुवारीत. मधल्या पाव शतकात किती तरुण अपघातांत गेले, हे त्या त्या घरांस ठाऊक आहे. मिग-२१ विमाने २०२५ च्या सप्टेंबरात सेवेतून निवृत्त झाली. शिक्षणातील एक पायरी गाळल्यास तिची किंमत कोण देतो, हा प्रश्न मात्र निवृत्त होत नाही.

६. या विद्येच्या मर्यादा

अनुकरणाचे गुण सांगितले, दोषही सांगणे अवश्य आहे. यंत्रात मृत्यूचे भय नसते. तेथे शूर ठरलेला रणांगणावर तसाच वागेल याची शाश्वती नाही. दुसरे, नक्कल चुकीची असेल तर सवयही चुकीची लागते, आणि चुकीची सवय अज्ञानापेक्षा वाईट. म्हणून यंत्रावरील शिक्षण हे खऱ्या उड्डाणाचे, खऱ्या मैदानातील पायपिटीचे पूर्वांग होय, त्याचा पर्याय नव्हे.

तिसरा व सर्वांत मोठा दोष माणसाच्या स्वभावातला. २००२ साली अमेरिकेने सुमारे पंचवीस कोटी डॉलर खर्चून एक प्रचंड युद्धाभ्यास केला. शत्रुपक्षाचे नेतृत्व निवृत्त जनरल व्हॅन रायपर यांच्याकडे होते. आपले बिनतारी संदेश पकडले जातील हे ओळखून त्यांनी मोटारसायकलीवरून निरोपे धाडले आणि लहान नौकांचा व क्षेपणास्त्रांचा एकदम मारा करून बलाढ्य पक्षाची सोळा जहाजे डावात बुडविली. पुढे काय झाले? जहाजे पुन्हा तरंगविण्यात आली आणि शत्रूने काय करावे व काय करू नये यावर बंधने घालण्यात आली. जनरलसाहेब वैतागून नेतृत्वातून बाजूस झाले. साठ वर्षांपूर्वी जपानने जे मेजावर केले, तेच संगणकावर झाले. जिला हरण्याची परवानगी नाही ती तालीम नव्हे, तो समारंभ होय.

७. आपणांस बोध

हे सारे सैनिकांनी पाहावे, आपणां गृहस्थांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. ७ मे २०२५ रोजी देशातील अनेक जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, माणसांस सुरक्षित जागी नेण्याची रीत करून पाहण्यात आली. संकट घराच्या दारापर्यंत येऊ शकते, याची ती आठवण होती. संकट युद्धाचेच असावे असेही नाही. मंगल कार्यालयात दोनशे पाने बसलेली असताना स्वयंपाकघरात गॅसने पेट घेतला तर मुख्य झडप कोण बंद करील? वृद्धांस कोणत्या दाराने न्यावयाचे? भिंतीवर टांगलेले अग्निशामक नळकांडे आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी हाताळले आहे? सभागृहातच एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, तर छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची क्रिया कोणास येते?

या प्रश्नांची उत्तरे संकटसमयी सुचत नाहीत. ती आधी अंगवळणी पडावी लागतात. वर्षातून दोनदा, कार्यकारी मंडळाच्या सभेनंतर, अर्धा तास अशा तालमीस द्यावा, आणि तालीम झाल्यावर रॉबर्ट्स यांच्या फरशीप्रमाणे लहानथोर सर्वांनी बसून चूक कोठे झाली ते मोकळेपणाने बोलावे, अशी आमची नम्र सूचना आहे. एखाद्या मुलीने अध्यक्षांस 'आपण चुकीच्या दाराने गेलात' असे सांगितले, तर अध्यक्षांनी ॲडमिरल हॉर्टन यांचे स्मरण करावे.

तालमीस खर्च थोडा लागतो. खरा खर्च आहे तो अभिमानाचा. सर्वांदेखत चुकण्याची, आणि कनिष्ठाने दाखविलेली चूक कबूल करण्याची तयारी असली पाहिजे. ज्या सैन्यांनी ही किंमत आधी मोजली, त्यांचे जवान अधिक संख्येने घरी परतले. ज्यांनी ती टाळली, त्यांच्याकडून इतिहासाने ती व्याजासह वसूल केली. आपल्या घरांतील जे तरुण आज या विद्येच्या शाळांत घाम गाळीत आहेत, त्यांच्या चुका तालमीतच संपाव्यात आणि ते सुखरूप घरी यावेत, हीच या महोत्सवप्रसंगी आम्हां सर्वांची प्रार्थना.